किमान १६ जीबी

नवी बॅच यायच्या महिनाभर आधी ती यादी माझ्याकडे येते. एका पानाची. वर ठळक अक्षरांत ‘पदव्युत्तर आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी संगणक व सॉफ्टवेअर : किमान अपेक्षा’, आणि खाली दहा-बारा ओळी. प्रोसेसर, रॅम, डिस्क, ऑपरेटिंग सिस्टिम, लिहिण्याचं सॉफ्टवेअर, संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर, संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर, बॅकअप. मागच्या वर्षीचे आकडे खोडायचे, यंदाचे घालायचे आणि परत पाठवायची. अर्ध्या तासाचं काम. विभागात ‘कॉम्प्युटरचं काही असेल तर हिला विचारा’ असं एकदा कुणीतरी म्हणालं की ते गळ्यात पडतं, आणि मग वर्षानुवर्षं कुणी उतरवून घेत नाही.

यंदा त्या अर्ध्या तासाचे दोन दिवस झाले.

त्याला कारण एक मेल. नव्यानं प्रवेश घेतलेल्या एका मुलाची. त्यात दोन प्रश्न होते. पहिला नेहमीचा : कोणता लॅपटॉप घेऊ, रॅम किती लागेल? दुसरा जरा वेगळा : तुमच्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणातली तिसरी आकृती मला स्वतः काढून बघायची आहे, कोड मिळेल का? दुसऱ्या प्रश्नाला मी चहा पिता पिता ‘हो, पाठवते’ असं उत्तर टाकलं आणि पहिल्याकडे वळले. कुठला प्रश्न अवघड आहे हे ओळखण्यात माझी नेहमीच अशी चूक होते.

जुन्या याद्या मी टाकून देत नाही. एका फोल्डरमध्ये वर्षवार पडलेल्या आहेत. त्या ओळीनं वाचल्या की विभागाचा एक वेगळाच इतिहास दिसतो. एका वर्षापर्यंत ‘सीडी ड्राइव्ह आवश्यक’ होतं, पुढच्या वर्षी ती ओळ गुपचूप गेली. ‘डेटा केवळ पेनड्राइव्हवर ठेवू नये’ ही ओळ ज्या वर्षी आली, त्या वर्षी तो पेनड्राइव्ह कुणाच्या पँटबरोबर धुतला गेला हे मला ठाऊक आहे. ‘सूक्ष्मदर्शकाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं’ ही ओळ एका हुशार मुलीनं सुंदर, चंदेरी मॅक घेऊन आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात टाकली गेली. यादी वाचणाऱ्या मुलांना वाटतं, कुणीतरी तज्ज्ञ बसून विचारपूर्वक हे ठरवलं असणार. प्रत्यक्षात एकेक ओळ म्हणजे कुणाचा तरी एकेक अपघात आहे, आणि त्या अपघातग्रस्तांची नावं आम्ही सभ्यपणे वगळलेली आहेत.

तर रॅम.

मुलांना लॅपटॉपच्या मॉडेलचं नाव हवं असतं. मी उलट विचारते, तुझा डेटा कसा दिसतो? बहुतेकांना पहिल्या वर्षी हे माहीत नसतं, आणि नसणारच. म्हणून मग हिशेब करून दाखवावा लागतो. समजा, एक तक्ता आहे, १० लाख ओळी आणि ५०० स्तंभांचा. प्रत्येक घरात एक दशांश संख्या. आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषांमध्ये अशा संख्येला सहसा ८ बाइट लागतात. ५० कोटी घरं गुणिले ८, म्हणजे ४०० कोटी बाइट, म्हणजे ४ जीबी. आर हा तक्ता एरवी डिस्कवरून घास घास वाचत बसत नाही. सगळा उचलून रॅममध्ये मांडतो. त्यावर एखादं संख्याशास्त्रीय मॉडेल चालवलं की मधल्या मध्ये त्याच्या आणखी एक-दोन प्रती होतात. ८ जीबीच्या यंत्रात ऑपरेटिंग सिस्टिम आधीच पाय पसरून बसलेली, ब्राउझरच्या चाळीस टॅब उघड्या, आणि त्यात हा पाहुणा. मग यंत्र रॅमचं काम डिस्कवर ढकलायला लागतं, माउस अडखळतो, पंखा घोंघावतो आणि विद्यार्थ्याला वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं. १६ चा आकडा या गणितातून आला आहे. त्यातली खरी मेख अशी की पातळ लॅपटॉपांमध्ये हल्ली रॅम पुष्कळदा मुख्य बोर्डावरच पक्की जोडलेली असते. ‘आत्ता ८ घेतो, पुढे वाढवू’ असं म्हणणाऱ्याला तो पुढचा दिवस कधीच दिसत नाही.

पण हेच गणित इतिहासाच्या विद्यार्थ्याला सांगून उपयोग नाही. त्याची दमछाक वेगळ्या ठिकाणी होते. ए-फोर आकाराचं एक पान ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० बिंदू या हिशेबानं, रंगीत स्कॅन केलं की २४८० गुणिले ३५०८ बिंदू होतात, प्रत्येकाला तीन बाइट. कॉम्प्रेस न करता ठेवलं तर पानामागे सुमारे २६ एमबी. अभिलेखागारातली दहा हजार पानं म्हणजे २६० जीबी. त्याला रॅम कमी असली तरी चालेल, डिस्क मोठी हवी. आणि गणितातल्या माझ्या मैत्रिणीचं तर दोन्हीवाचून अडलं नाही. तिच्या यंत्राला फळ्याचा फोटो उघडता आला आणि मेल पाठवता आली की तिचं भागायचं. तिनं पाच वर्षांत एकच चैन केली, ती बाहेरून जोडायच्या चांगल्या कीबोर्डची. हा सल्ला मात्र मी सगळ्यांना देते. प्रबंध शेवटी बोटांनीच लिहायचा असतो. आणि चार्जर एक जास्तीचा ठेवावा. यादीत ही ओळ नाही, पण असायला हवी.

माझा स्वतःचा पहिला लॅपटॉप मी यादीच्या दुप्पट घेतला होता. खेळांसाठी बनवलेलं, जाडजूड, लाल दिव्यांचं धूड. संशोधन म्हणजे काहीतरी अवाढव्य गणितं करायची असतात अशी माझी समजूत होती. ग्रंथालयात ते सुरू केलं की शेजारची माणसं उठून जायची, इतका त्याचा पंखा वाजायचा. बॅटरी दीड तास. पाठीवर घेऊन हिंडताना खांदा दुखायचा. आणि पहिलं खरोखर मोठं गणित करायची वेळ आली तेव्हा गाइड म्हणाले, ‘हे लॅपटॉपवर कशाला? क्लस्टरवर टाक.’ म्हणजे तळघरातल्या थंड खोलीत मांडून ठेवलेल्या, सगळ्यांनी मिळून वापरायच्या यंत्रांच्या समूहावर. तिथे आपलं काम रांगेत लावायचं आणि घरी जायचं. सकाळी उत्तर तयार असतं, किंवा चौथ्या ओळीत स्वल्पविराम राहिला म्हणून काम रात्री अकरा वाजताच बंद पडल्याचा निरोप असतो. माझ्या धुडाचा उपयोग काय झाला, तर त्या तळघरापर्यंत टाइप करून पोचायचं. ते काम आठ वर्षं जुन्या यंत्रानंही झालं असतं.

तळघरात मात्र खिडक्या, चित्रं, माउस काही नव्हतं. एक काळी चौकट आणि तिच्यात लुकलुकणारा कर्सर. क्लस्टरवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालते, आणि हे काही आमच्याच तळघराचं वैशिष्ट्य नाही. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतलं प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालणारं आहे. तेव्हा नव्या मुलांना मी सांगते की लॅपटॉप कुठलाही असो, त्या काळ्या चौकटीत फोल्डर बदलणं, फाइल उघडणं, शोधणं, हलवणं एवढं पहिल्या सहा महिन्यांत शिकून घ्या. कुणी ऐकत नाही. मीही ऐकलं नव्हतं.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या ओळीवर दर वर्षी वाद होतो. विंडोजवाले, मॅकवाले आणि लिनक्सवाले यांच्यातली भांडणं मला फारशी रस घेऊन ऐकता येत नाहीत. व्यावहारिक बाबी दोन-तीनच आहेत. प्रयोगशाळेतलं उपकरण ज्या सिस्टिमशी बोलतं ती हाताशी असावी. ज्यांना एन्व्हिडियाचं कुडा, म्हणजे ग्राफिक्स चिपकडून गणितं करवून घेणारं सॉफ्टवेअर, लागतं, म्हणजे बहुतेक मशीन लर्निंगवाल्यांना, त्यांना ते आजच्या मॅकवर मिळणार नाही. २०२० च्या नोव्हेंबरात ॲपलनं स्वतःच्या एम१ चिपची यंत्रं आणली तेव्हा वर्षभर आमच्याकडे ‘माझ्याकडे हे पॅकेज बसत नाही’ याच तक्रारी होत्या. आता ते बरंचसं निवळलं आहे. एवढं लिहून मी ही ओळ पूर्वी संपवायची.

मग २०१९ मध्ये रसायनशास्त्रातली एक हकीकत वाचली आणि मी त्या ओळीकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काही पायथन स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, होत्या. रेणूची रचना ठरवायला एनएमआरचे, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात रेणू तपासायच्या पद्धतीचे, आकडे लागतात, ते काढण्यासाठी पुष्कळ जण त्या वापरायचे. हवाई विद्यापीठातल्या एका गटाच्या लक्षात आलं की तीच स्क्रिप्ट, त्याच फाइली, पण यंत्र बदललं की उत्तर बदलतं. काही ऑपरेटिंग सिस्टिमांवर बरोबर, काहींवर चूक. रसायनात दोष नव्हता. स्क्रिप्ट एका फोल्डरमधल्या फाइलींची यादी मागायची आणि त्या एका ठरावीक क्रमानंच येतील असं गृहीत धरायची. पायथननं तसं वचन कधी दिलेलंच नव्हतं. काही सिस्टिम नावाच्या क्रमानं यादी देतात, काही त्यांना सोयीच्या क्रमानं. जोड्या चुकायच्या, सरासऱ्या चुकायच्या, आणि पडद्यावर कुठलीही लाल अक्षरं उमटायची नाहीत. उपाय एका शब्दाचा होता : सॉर्ट, म्हणजे आधी क्रमानं लाव. त्या पाच वर्षांत किती जणांनी किती रात्री जागून आपल्या रेणूला दोष दिला असेल, हा विचार माझ्या मनातून लवकर गेला नाही. त्या वर्षी मी यादीत ‘कोणतीही सिस्टिम चालेल’ याच्यापुढे ‘मात्र ती कोणती आणि तिची आवृत्ती कोणती, हे वहीत लिहून ठेवावं’ असं घातलं. एका सहकाऱ्यांनी विचारलं, हे कशाला? मी म्हटलं, असू द्या.

सॉफ्टवेअरच्या ओळींत सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे ‘विद्यार्थ्यांसाठी मोफत’ हे शब्द. मोफत असतं, खरंच असतं, पण विद्यार्थी असेपर्यंत. माझी पदवी जाहीर झाली त्याच्या तिसऱ्या आठवड्यात एक सॉफ्टवेअर उघडेना. मी त्यात दोन वर्षं पाण्यातल्या कीटकांची मोजणी साठवली होती, त्याच्याच स्वतःच्या फाइल-प्रकारात, जो दुसरं कुठलंही सॉफ्टवेअर वाचू शकत नव्हतं. लायसन्स विद्यापीठाचं होतं, आणि मी आता विद्यापीठाची नव्हते. नेमक्या त्याच दिवसांत एका लेखावर परीक्षकांचे शेरे आले : तक्ता दोनमधले आकडे प्रजातीनुसार वेगळे करून द्यावेत. आकडे माझे, कीटक मी मोजलेले, चिखलात गुडघाभर मी उभी राहिलेली, आणि ते बघायला मला परवानगी नाही. शेवटी एका ज्युनिअर मुलीच्या यंत्रावर बसून, तिची जेवणाची सुट्टी उधार घेऊन, मी सगळं साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये काढून घेतलं. स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आकडे, बस. अशी सीएसव्ही फाइल दिसायला दरिद्री असते, पण ती कशातही उघडते.

मोफत आणि मुक्त यांतला फरक मला त्या दिवशी कळला. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शिकवण्यासाठी म्हणून एक भाषा लिहायला घेतली. दोघांच्या नावांचं पहिलं अक्षर आर, आणि आधीच्या एस नावाच्या भाषेला मारलेली कोपरखळी, म्हणून तिचं नाव आर. तिची १.० आवृत्ती २००० सालच्या २९ फेब्रुवारीला आली; तारीखही अशी की वाढदिवस चार वर्षांनी यावा. ती उघडायला आजवर कुणी माझं ओळखपत्र मागितलेलं नाही.

आणि एक गंमत आहे. आपण ज्या अवजारांची यादी करतो त्यांतली कितीतरी आपल्यासारख्याच, प्रबंध अडलेल्या मुलांनी बनवलेली आहेत. संदर्भसूची लावून देणारं बिबटेक लिहिलं ओरेन पटाश्निक यांनी, स्टॅनफर्डमध्ये विद्यार्थी असताना. आज डेटाचं काम करणारे कितीतरी जण ज्युपिटरच्या वह्या उघडतात, म्हणजे कोड, आकृत्या आणि टिपणं एकत्र ठेवणाऱ्या फाइली. त्यांचं मूळ असलेलं आयपायथन २००१ मध्ये फर्नांडो पेरेझ या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यानं पीएचडी करता करता लिहिलं. मूळ काम बाजूला ठेवून. टाळाटाळ मीही भरपूर केली, पण तिच्यातून जगाला काही मिळालं नाही.

टाळाटाळीचा मेरुमणी म्हणावा तर संगणकशास्त्रज्ञ डॉनल्ड क्नूथ. १९७७ मध्ये त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी प्रुफं आली, त्यातली छपाई त्यांना बघवेना, तेव्हा त्यांनी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर स्वतःच लिहायचं ठरवलं. अंदाज होता वर्षभराचा. ते सॉफ्टवेअर, म्हणजे टेक, पूर्णपणे स्थिरावायला १९८९ उजाडलं. त्याच्या आवृत्त्यांना ३ नंतर गणितातल्या पायच्या (π) किमतीचा एकेक अंक जोडत जातात. २०२१ ची आवृत्ती ३.१४१५९२६५३ आहे. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर रचलेलं लाटेक आज गणितापासून भाषाशास्त्रापर्यंत चालतं. यादीत मी ‘वर्ड किंवा लाटेक’ एवढंच लिहिते. तुमचे गाइड ज्यात दुरुस्त्या करतात ते वापरा. त्यावर वाद घालून कुणाचं प्रकरण लवकर पूर्ण झालेलं मी पाहिलेलं नाही. संदर्भांसाठी मात्र झोटेरो किंवा तत्सम काहीही पहिल्या दिवसापासून वापरा. पहिल्या दिवसापासून. चारशे संदर्भांतले स्वल्पविराम शेवटच्या आठवड्यात हातानं बदलणाऱ्यांचे चेहरे मी बघितले आहेत.

स्प्रेडशीटबद्दल यादीत एक शब्द नाही, कारण ते सगळ्यांना येतं असं आपण धरून चालतो. हे धरून चालणंच मला अलीकडे खुपायला लागलं आहे.

२०१३ मध्ये थॉमस हर्नडन नावाचा मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट शाखेतला पदव्युत्तर विद्यार्थी वर्गातला गृहपाठ करत होता. एखाद्या गाजलेल्या शोधनिबंधातले आकडे स्वतः काढून दाखवा, असा गृहपाठ. त्यानं निवडला हार्वर्डच्या कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा २०१० चा निबंध. देशाचं सार्वजनिक कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलं की वाढ मंदावते, असं त्यात म्हटलेलं. सरकारी खर्चकपातीच्या चर्चेत तो जगभर वापरला जात होता. हर्नडनला आकडे जुळेनात. त्यानं अर्थातच मानलं की चूक आपलीच. पुन्हा केलं. पुन्हा जुळेनात. शेवटी त्यानं लेखकांना पत्र लिहिलं आणि त्यांनी आपली स्प्रेडशीट पाठवली. (हे मला महत्त्वाचं वाटतं. त्यांनी ती पाठवली.) त्यात सरासरीच्या सूत्रात निवडलेला पट्टा पाच ओळी अलीकडेच थांबलेला होता. २० देशांपैकी ऑस्ट्रेलियापासून डेन्मार्कपर्यंतचे, वर्णक्रमातले पहिले पाच देश गणतीतच आले नव्हते. इतरही मुद्दे होते, काही वर्षांचे आकडे वगळलेले, वजन देण्याची पद्धत वादग्रस्त. हर्नडन आणि त्याच्या प्राध्यापकांनी सगळं दुरुस्त करून मांडलं तेव्हा उणे ०.१ टक्के असलेली सरासरी वाढ २.२ टक्के झाली. मूळ लेखकांनी सूत्रातली चूक मान्य केली, निष्कर्ष मात्र उलटतो हे मानलं नाही. तो वाद अर्थशास्त्रज्ञांनी खुशाल घालावा. मला राहून राहून त्या मुलाचा पहिल्या रात्रीचा पडदा दिसतो. त्याच्याकडे कुठला प्रोसेसर होता कोण जाणे. जे काही असेल ते, हे काम कुठल्याही यंत्रावर झालं असतं.

जनुकशास्त्रातली गोष्ट तर आणखी साधी आहे. ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट२’ ही जनुकांची नावं एक्सेलमध्ये टाइप केली की त्यांच्या तारखा व्हायच्या, १ मार्च आणि २ सप्टेंबर. २०१६ मध्ये काही संशोधकांनी जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेले निबंध तपासले तेव्हा जवळजवळ पाचव्या हिश्श्यात अशा चुका सापडल्या. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं हात टेकले आणि नावंच बदलली. आता ती ‘मार्चएफ१’ आणि ‘सेप्टिन२’ आहेत. माणसांच्या जनुकांची नावं बदलणं एक्सेल बदलण्यापेक्षा सोपं ठरलं. तारखा आपोआप करू नका असं सांगायची सोय एक्सेलमध्ये आली ती २०२३ मध्ये.

बॅकअपबद्दल मी बोलायला लागले की मुलांच्या डोळ्यांवर झापड येते. म्हणून मी फक्त दोन गोष्टी सांगते. पहिली माझी. दुसऱ्या वर्षी डिस्क भरली म्हणून मी ‘जुनं’ नावाचा एक फोल्डर उडवला. तो क्लाउडशी सिंक होता, त्यामुळे मला वाटलं, तिकडे आहेच की. सिंकनं आपलं काम चोख केलं. मी इथे जे पुसलं, ते त्यानं सगळीकडून पुसलं. मला पत्ता लागला तोवर कचरापेटीत थांबण्याची मुदतही उलटली होती. चार महिन्यांच्या क्षेत्रनोंदी गेल्या. त्यातल्या काही मी कागदी वहीतून परत टाइप केल्या, आणि काहींच्या जागी प्रबंधात एक सभ्य वाक्य आहे : ‘या कालावधीतील नोंदी उपलब्ध नाहीत.’

दुसरी क्योटो विद्यापीठाची. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या महासंगणकावरचा ७७ टेराबाइट डेटा नाहीसा झाला. सुमारे ३ कोटी ४० लाख फाइली, १४ संशोधनगटांच्या. कुणी हल्ला केला नव्हता. १० दिवसांपेक्षा जुन्या लॉग फाइली, म्हणजे यंत्राच्या कामाच्या नोंदी, पुसणारी एक स्क्रिप्ट होती. ती चालू असतानाच तिची सुधारलेली आवृत्ती तिच्या जागी ठेवली गेली. अर्धी जुनी, अर्धी नवी अशी ती पुढे वाचली गेली आणि काय पुसायचं हे सांगणारी जागाच रिकामी राहिली. चार गटांचा डेटा परत मिळवता आला नाही. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत, हा जुना नियम मी यादीत ठेवला आहे तो यासाठी.

एवढं होईपर्यंत पहिला दिवस संपला. यादीत मी ‘विंडोज १०’ खोडलं, कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा आधार संपला, आणि एक-दोन आकडे बदलले. मग आठवलं की त्या मुलाला कोड पाठवायचा आहे.

फोल्डर सापडला. तीन प्रतींच्या नियमाला जागून तिन्ही ठिकाणी सापडला, त्याचा मला जरा अभिमानही वाटला. स्क्रिप्ट उघडली, चालवली. पहिल्याच ओळीला थांबली. डेटा कुठून वाचायचा याचा पूर्ण पत्ता मी त्यात घालून ठेवला होता, ‘डी’ ड्राइव्हपासून सुरू होणारा, त्या लाल दिव्यांच्या धुडावरचा. ते धूड जाऊन सहा वर्षं झाली. पत्ता बदलला. बावीसाव्या ओळीला थांबली. तळ्यांची नावं असलेला स्तंभ आर आपोआप ‘गट’ म्हणून वाचेल यावर मी विसंबले होते. २०२० च्या ४.० आवृत्तीपासून आर तसं करत नाही. मजकूर मजकूरच ठेवतं. तेही दुरुस्त केलं. मग एक पॅकेज सापडेना, ते कुणी सांभाळतच नाही आता. त्याच्या बदली दुसरं शोधलं. तोवर दुपार झाली होती आणि तो मुलगा, मेलवरून धीर न निघून, प्रत्यक्षच येऊन दारात उभा होता.

आकृती आली. दोघांनी प्रबंधातलं पान तिच्याशेजारी धरलं. ठिपके तेच, रेषा तीच. अंदाजाची खालची मर्यादा ०.३१, तीही तीच. वरची मर्यादा प्रबंधात ०.५२, पडद्यावर ०.५३.

‘जवळजवळ तेच आहे, मॅडम,’ तो म्हणाला. चांगल्या मनाचा मुलगा.

मला मात्र बसवेना. त्या मर्यादा काढताना नमुने यदृच्छेनं हजार वेळा उचलले होते, पण सुरुवातीचा बीजांक, म्हणजे ही यदृच्छा कुठून सुरू करायची ते सांगणारा आकडा, मी ठरवून दिलेला होता. बीजांक तोच असेल तर यदृच्छा तीच यायला हवी, दुसऱ्या दशांशापर्यंतच काय, शेवटच्या अंकापर्यंत. आम्ही डेटा तपासला, ओळी मोजल्या. त्यानं कीटकांच्या नावांतली एक टायपो शोधली, जी परीक्षकांना, गाइडना आणि मला कधी दिसली नव्हती. ०.५३ हटेना.

संध्याकाळी उलगडा झाला. मी काम केलं तेव्हा आरची ३.२ आवृत्ती होती. एप्रिल २०१९ च्या ३.६ आवृत्तीत यदृच्छेनं नमुना उचलायची रीतच बदलली, कारण जुन्या रीतीत एक बारीक दोष होता, मोठ्या संचांमध्ये सगळ्यांना अगदी समान संधी मिळायची नाही. त्यामुळे बीजांक तोच असला तरी पुढे येणारे नमुने वेगळे. बदल करणाऱ्यांनी जुन्या लोकांची सोयही ठेवली आहे. ‘राउंडिंग’ हा शब्द घालून एक ओळ लिहिली की आर जुन्या पद्धतीनं नमुने उचलतं, वर तुम्ही जुनी पद्धत वापरताय अशी नापसंतीची सूचनाही देतं. माझ्या प्रबंधात मी कुठेही आवृत्ती लिहिलेली नव्हती. ३.२ हे मला कळलं ते त्या वेळच्या एका मेलमधून, ज्यात मी मैत्रिणीकडे आर बसत नसल्याची तक्रार केली होती.

त्यानं ती ओळ टाइप केली आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली. सूचना उमटली. मग आकृती. वरची मर्यादा ०.५२. पुढचे अंक उघडून बघितले, प्रबंधाच्या परिशिष्टात होते तेवढे सगळे जुळले.

आम्ही दोघंही थोडा वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो. मग त्यानं वही काढली, वर तारीख घातली, आरची आवृत्ती लिहिली, त्याखाली ऑपरेटिंग सिस्टिम. मी सांगितलं नव्हतं. लिहून झाल्यावर वही मिटली आणि जरा संकोचत विचारलं, ‘मॅडम, मग रॅम किती घेऊ?’

‘सोळा,’ मी म्हटलं. ‘आणि चार्जर दोन.’